पाऊस किती, विहिरीत पाणी किती?

दसरा झाला की आपल्याकडे घरोघर एकच बोलणे निघते. रब्बीला काय पेरायचे? विहिरीचे पाणी पुरेल काय? गव्हाला पाच-सहा पाणी द्यावे लागते. हरभरा एक-दोन पाण्यांत येतो. गहू पेरला आणि ऐन ओंबी भरताना विहीर आटली, म्हणजे बियाणे गेले, खत गेले, मजुरी गेली. भीतीने हरभरा पेरला आणि विहीर उन्हाळ्यापर्यंत भरलेली राहिली, तर हातचे पीक सोडल्याची हळहळ लागते. असा अंदाज दोन-तीनदा चुकला की सावकाराचे दार दिसते.

छत्रपती संभाजीनगर शहराच्या कडेला, हर्सूलच्या पुढे, आमचा एक संध्याकाळचा वर्ग भरतो. आसपासच्या वस्तीतली बाया-माणसे येतात. कुणी भाजी विकते, कुणी वाळूजच्या कारखान्यात जाते, कुणाची थोडी शेती आहे. त्यांत एक मामा आहेत. त्यांचे पाच एकर रान आणि एक विहीर आहे. आकडे लिहायला ते चांगले शिकले, पण एके दिवशी म्हणाले, "सर, पाऊस झाला की विहीर भरती. नाही झाला की भरत नाही. हे बापजाद्यापासून ठाऊक हाय. त्याला वही कामून लागती?"

आम्ही म्हणालो, "मामा, तुमचं खरंच आहे. पण पाऊस शंभर मिलीमीटरनं जास्त झाला, तर विहिरीचं पाणी किती फुटांनी वाढतं?"

मामा गप्प बसले. मग हसून म्हणाले, "ते कुणी मोजलंय?"

तेच मोजायला आज शिकू या. फार गणित लागत नाही. चौकटीची वही, शिसपेन्सिल आणि शिलाईचा हातभर दोरा एवढे पुरे.

आधी मिलीमीटर म्हणजे काय, ते पाहू. सपाट बुडाचा, सरळ उभ्या भिंतींचा डबा उघड्यावर ठेवला. पाऊस पडून गेला. डब्यात बोटाच्या पेराएवढे पाणी साठले. ते पट्टीने मोजले. वीस मिलीमीटर भरले, तर त्या दिवशी वीस मिलीमीटर पाऊस झाला. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागेवर एक मिलीमीटर पाऊस पडला, की ते पाणी बरोबर एक लिटर होते. सरकारची पर्जन्यमापकेही याच तत्त्वावर चालतात आणि त्यांची नोंद महसूल मंडळाप्रमाणे ठेवली जाते.

आता एका विहिरीचे सहा वर्षांचे आकडे घेऊ. ही विहीर खरी नाही. समजण्यासाठी आम्ही सोपे आकडे घेतले आहेत. दर वर्षी पावसाळ्यात किती मिलीमीटर पाऊस झाला ते पहिल्या आकड्यात आहे. कोजागिरीच्या दिवशी विहिरीत किती फूट पाणी होते ते दुसऱ्या आकड्यात आहे.

४०० मिलीमीटर पाऊस, ११ फूट पाणी
५०० मिलीमीटर पाऊस, १३ फूट पाणी
६०० मिलीमीटर पाऊस, २४ फूट पाणी
६०० मिलीमीटर पाऊस, १६ फूट पाणी
७०० मिलीमीटर पाऊस, २७ फूट पाणी
८०० मिलीमीटर पाऊस, २९ फूट पाणी

वर्षे मुद्दामच पावसाच्या क्रमाने लावली आहेत. खऱ्या वहीत ती अशी येणार नाहीत. पण त्याने काही बिघडत नाही. का, ते लगेच कळेल.

वहीच्या पानावर खालच्या बाजूला एक आडवी रेघ मारा. तिच्यावर पावसाचे आकडे लिहा: ४००, ५००, ६००, ७००, ८००. डाव्या बाजूला एक उभी रेघ मारा. तिच्यावर पाण्याचे फूट लिहा: खालून वर ०, १०, २०, ३०. आता पहिले वर्ष घ्या. आडव्या रेघेवर ४०० वर बोट ठेवा. तिथून सरळ वर जा आणि ११ फुटांच्या उंचीवर थांबा. तिथे एक ठिपका द्या. झाले ते वर्ष. एक ठिपका म्हणजे एक वर्ष. असेच सहा ठिपके द्या. कोणते वर्ष आधी, कोणते नंतर, याची इथे गरजच नाही.

आमच्या वर्गातल्या भाजीवाल्या मावशींनी पानाकडे पाहिले आणि नाक मुरडले. "ही कसली रांगोळी? ठिपके कसे ओळीनं हवेत. हे तर सांडल्यासारखे पडलेत."

मावशी बरोबर बोलल्या. रांगोळीचे ठिपके आपण मोजून ठेवतो, म्हणून ते ओळीत असतात. हे ठिपके आपण आपल्या मनाने ठेवलेले नाहीत. पाऊस आणि विहीर यांनी ठेवले तिथे ते पडले. म्हणून या चित्राला शाळेच्या पुस्तकात विकीर्ण आलेख म्हणतात. विकीर्ण म्हणजे विखुरलेला. आपण त्याला ठिपक्यांचा आलेख म्हणू.

तरी पान जरा लांब धरून डोळे बारीक करून पाहा. ठिपके सांडलेले आहेत, पण कुठेही सांडलेले नाहीत. डावीकडून उजवीकडे जाताना ते वर चढतात. पाऊस वाढतो तसे पाणी वाढते. मामांच्या बापजाद्यांना ठाऊक होते तेच इथे कागदावर दिसते. आता शंभर मिलीमीटरला किती फूट, ते काढू.

त्यासाठी दोरा घ्या. दोन हातांनी ताणून तो ठिपक्यांवर धरा. सगळ्या ठिपक्यांवरून तो जाणार नाही, कारण ठिपके एका ओळीत नाहीत. पण तो असा धरता येतो, की तो ठिपक्यांच्या घोळक्यामधून जाईल. काही ठिपके दोऱ्याच्या वर राहतील, काही खाली. दोरा ज्या वाटेने जातो, तिथे पेन्सिलीने रेघ मारा. हीच ठिपक्यांना सर्वांत जवळची रेघ.

पण दहा माणसांनी दोरा धरला तर दहा रेघा निघतील. वर्गात तसेच झाले. कारखान्यातल्या एका भावाने रेघ फार उभी मारली, मावशींनी जवळजवळ आडवी. खरी कुणाची? याला एक हिशेब आहे. प्रत्येक ठिपका रेघेपासून सरळ वर किंवा सरळ खाली किती फूट दूर आहे, ते मोजायचे. या अंतराला चूक म्हणू. रेघ जे सांगते आणि विहिरीत जे खरे पाणी होते, त्यांतला हा फरक.

आधी मावशींची रेघ पाहू. सहा वर्षांच्या पाण्याची बेरीज १२० फूट, सरासरी २० फूट. मावशींनी २० फुटांवर सरळ आडवी रेघ मारली. म्हणजे पाऊस कितीही होवो, पाणी आपले वीस फूट. चुका मोजा. पहिले वर्ष ९ फूट खाली, दुसरे ७ खाली, तिसरे ४ वर, चौथे ४ खाली, पाचवे ७ वर, सहावे ९ वर. वरच्या चुकांची बेरीज २० आणि खालच्याही चुकांची बेरीज २०. तराजू समतोल! मावशी खूश झाल्या. पण ही रेघ चांगली नाही, हे डोळ्यांनाच दिसते. मग हिशेबात कुठे कमी पडले?

वरच्या चुका खालच्या चुकांनी फेडून टाकल्या, इथेच फसगत झाली. एका वर्षी नऊ फूट पाणी कमी निघाले, त्याचे दुःख दुसऱ्या वर्षी नऊ फूट जास्त निघाल्याने भरून येत नाही. पहिल्या वर्षीचा गहू तर जळून गेला. म्हणून प्रत्येक चुकीला तिनेच गुणायचे आणि मग बेरीज करायची. ९ नव्वे ८१, ७ साते ४९, ४ चोक १६. असे केल्याने वर-खाली हा भेद राहत नाही आणि मोठी चूक जास्त जड होते. मावशींच्या रेघेची बेरीज येते ८१, ४९, १६, १६, ४९, ८१ मिळून २९२.

आता दुसरी रेघ घेऊ. ती ४०० मिलीमीटरपाशी १० फुटांवर आहे आणि ८०० मिलीमीटरपाशी ३० फुटांवर. मधे सरळ. म्हणजे ५०० ला १५, ६०० ला २०, ७०० ला २५. चुका मोजा: १, २, ४, ४, २, १. प्रत्येकीला तिनेच गुणून बेरीज करा: १, ४, १६, १६, ४, १ मिळून ४२. कुठे २९२ आणि कुठे ४२! या सहा ठिपक्यांना याहून कमी बेरीज देणारी सरळ रेघ जगात दुसरी नाही. करून पाहा, पटेल. ही पद्धत १८०५ साली फ्रान्सच्या लजांद्र नावाच्या गणितज्ञाने छापून प्रसिद्ध केली. त्याला धूमकेतूंच्या वाटा काढायच्या होत्या. हिशेब आकाशातला, पण विहिरीलाही तोच चालतो.

मामांना उत्तर मिळाले. या विहिरीत शंभर मिलीमीटर पाऊस वाढला की पाच फूट पाणी वाढते. यंदा ६५० मिलीमीटर पाऊस झाला असेल, तर रेघ सांगते साडेबावीस फूट.

"मग पेरा गहू!" कारखान्यातला भाऊ म्हणाला.

थांबा. आम्हाला इथे सर्वांत महत्त्वाचे वाटते ते अजून बोललोच नाही. ६०० मिलीमीटरची दोन वर्षे परत पाहा. पाऊस तोच. एका वर्षी २४ फूट पाणी, एका वर्षी १६ फूट. आठ फुटांचा फरक कसा पडला? आम्ही वर्गाला विचारले. उत्तर मामांनीच दिले. "झड लागली की पाणी मुरतं. एका रात्रीत ढग फुटला की समदं नाल्यानं वाहून जातं. मिलीमीटर तेवढेच, पण विहिरीला काय?"

आमच्या पुस्तकी ज्ञानापेक्षा हे उत्तर सरस होते. आपल्या मराठवाड्याखाली काळा पाषाण आहे. त्याच्या पोटात पाणी साठते ते फटींत आणि मुरमाच्या थरात. हळूहळू पडणाऱ्या पावसाला तिथे शिरायला वेळ मिळतो. धो धो पावसाला मिळत नाही. शिवाय नाल्यावर बंधारा आहे की नाही, शेजाऱ्याने नवी बोअर पाडली की काय, यानेही फरक पडतो. रेघेला यांतले काहीच ठाऊक नाही. तिला फक्त पाऊस ठाऊक आहे. बाकी सगळे ठिपक्याच्या आणि रेघेच्या मधल्या अंतरात लपलेले असते.

म्हणून रेघ साडेबावीस म्हणाली, तरी मनात धरायचे ते साडेअठरा ते साडेसव्वीस. कारण आपल्या सहा वर्षांत चूक चार फुटांपर्यंत गेलेली दिसते. आणि सहा वर्षे म्हणजे फार नव्हेत. सातव्या वर्षी चूक पाच फूटही होईल. गव्हाला वीस फूट पाणी हवे असेल, तर पूर्ण रानात गहू पेरणारा माणूस जुगार खेळतो आहे. दोन एकर गहू आणि तीन एकर हरभरा, असा कुणी विचार केला तर तो आम्हाला शहाणा वाटतो. आकडा एक सांगितला की माणूस त्याच्यावर विसंबतो. आकड्याबरोबर वर-खाली किती, हे नेहमी विचारावे. सरकारी माणसाने सांगितला तरी विचारावे.

रेघ ठिपक्यांच्या बाहेर ओढत नेली तरी फसगत होते. आपले ठिपके ४०० पासून ८०० पर्यंत आहेत. रेघ डावीकडे वाढवली, तर २०० मिलीमीटरला पाणी शून्य आणि १०० मिलीमीटरला शून्याच्याही पाच फूट खाली! शून्याखाली पाणी कसे असेल? उजवीकडे १२०० मिलीमीटरला ५० फूट. पण विहीरच चाळीस फुटांची असली तर? रेघेला विहिरीचा कठडा दिसत नाही. जितके ठिपके आहेत तितक्याच भागात तिचा शब्द मानावा.

सगळेच ठिपके असे वर चढत नाहीत. मावशींनी आपला धंदा सांगितला. जाधववाडीच्या बाजारात मेथीच्या गाड्या जास्त आल्या की जुडीचा भाव पडतो. आडवीकडे गाड्या, उभीकडे भाव असे ठिपके दिले, तर ते उजवीकडे जाताना खाली उतरतील. आणि कधी कधी ठिपके पानभर पसरतात. कुठूनही दोरा धरा, सारखाच. तिथे रेघ मारू नये. मारता येते, पण तिला अर्थ नसतो.

याचे उदाहरण आपल्या जवळचेच आहे. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ साली पूर्ण झाले. त्याच्या नाथसागरातून आपल्या शहराला पिण्याचे पाणी येते. पैठणला किती पाऊस झाला आणि नाथसागर किती भरला, याचे ठिपके देऊन पाहिले तर नीट पट्टा दिसायचा नाही. पैठणला कोरडे आभाळ आणि धरणात पाणी चढते आहे, असे आपण पाहिले आहे. उलटही पाहिले आहे. कारण गोदावरी उगम पावते त्र्यंबकेश्वराच्या डोंगरात. दारणा, प्रवरा, मुळा या नद्यांचे पाणी वाटेत तिला मिळते. नाशिक आणि अहिल्यानगरच्या घाटमाथ्यावर पाऊस पडला, तिथली धरणे भरून पाणी खाली सुटले, की नाथसागर भरतो. आडव्या रेघेवर पैठणचा पाऊस खोडून घाटमाथ्याचा पाऊस लिहिला, तर ठिपके पुष्कळ जवळ येतील. तेव्हा ठिपके विस्कटले म्हणजे संबंधच नाही, असे समजू नये. आपण चुकीची वस्तू मोजत असू.

याच्या उलट फसगतही होते. गुलमंडीवर छत्र्यांची विक्री किती झाली आणि विहिरीत पाणी किती आले, याचे ठिपके द्या. छान वर चढतील. म्हणून दुष्काळात सगळ्या गावाने छत्र्या घेतल्या तर विहीर भरेल काय? वर्ग खो खो हसला. छत्री आणि विहीर, दोघींच्या मागे पाऊस उभा आहे. ठिपके एवढेच सांगतात की दोन गोष्टी बरोबर चालतात. कोण कुणाला चालवते, ते सांगत नाहीत. छत्रीचे लगेच कळते. औषधाची, खताची जाहिरात असली की कळत नाही. तिथे हा छत्रीचा प्रश्न आठवावा.

माणसांच्या उंचीचेही असे ठिपके काढले गेले आहेत. इंग्लंडात गाल्टन नावाच्या शास्त्रज्ञाने १८८६ साली २०५ जोडप्यांची आणि त्यांच्या ९२८ मोठ्या झालेल्या मुलांची उंची मांडून दाखवली. उंच आईबापांची मुले उंच निघाली, पण तितकी नाही. आईबाप सरासरीपेक्षा तीन इंच उंच असले, तर मुले सुमारे दोन इंच.

आपल्या देशात या रेघेवर सर्वांत मोठे ओझे टाकले ते पावसाच्या अंदाजाने. १८८६ सालापासून हवामान खाते पावसाळ्याचा अंदाज सांगू लागले. तेव्हाचे प्रमुख ब्लॅनफर्ड यांनी पाहिले होते, की हिमालयात बर्फ जास्त पडले की पुढचा पावसाळा कमी होतो. हे झाले उतरते ठिपके. पुढे १९०४ ते १९२४ या काळात गिल्बर्ट वॉकर नावाचे गणिती या खात्याचे प्रमुख होते. त्यांनी साऱ्या जगातून हवेच्या दाबाचे, तापमानाचे, पावसाचे आकडे गोळा केले आणि कशाचे ठिपके आपल्या पावसाशी जुळतात ते हुडकले. १९२८ साली खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्याला आले.

१९८८ मध्ये मराठी शास्त्रज्ञ डॉ. वसंत गोवारीकर आणि त्यांचे सहकारी यांनी एक नवे सूत्र दिले. त्यात एक नाही, सोळा गोष्टी होत्या: बर्फ, समुद्राची ऊब, वाऱ्याचा दाब, ठिकठिकाणचे तापमान. सूत्र आपल्या सरळ रेघेपेक्षा पुष्कळ गुंतागुंतीचे होते. पण मुळाशी कल्पना हीच, मागच्या वर्षांच्या ठिपक्यांतून वाट काढायची आणि पुढच्या वर्षाचा ठिपका कुठे पडेल ते सांगायचे. पुढची चौदा वर्षे देशात मोठा दुष्काळ पडला नाही आणि अंदाजही तसाच येत होता. लोकांचा विश्वास बसला.

मग २००२ साल उजाडले. सूत्राने सांगितले, देशात सरासरीच्या १०१ टक्के पाऊस होईल, चार टक्के इकडे-तिकडे. प्रत्यक्षात झाला ८१ टक्के. जुलै महिन्यात तर नेहमीच्या निम्म्याच्या आसपास. पेरण्या वाळल्या. शास्त्रज्ञांनी जुने ठिपके पुन्हा काढून पाहिले. तेव्हा दिसले, की सोळांपैकी काहींचा पावसाशी पूर्वी असलेला संबंध आता सैल झाला होता. रेघ जुन्या वर्षांची होती, हवा बदलली होती. २००३ मध्ये खात्याने ते सूत्र बाजूला ठेवले आणि नवी सूत्रे घेतली. त्यानंतरही ती बदलत आली आहेत. यात शास्त्रज्ञांचा कमीपणा आम्हाला वाटत नाही. आकडा आणि त्याच्याबरोबर चूक किती, दोन्ही त्यांनी आधी छापले होते, म्हणूनच चुकले हे कुणालाही तपासता आले. पंचांगातल्या पावसाचे असे तपासता येत नाही.

हे सगळे ऐकून मामा दोन दिवस वर्गाला आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते मामींना घेऊन. अडचण अशी होती, की मागच्या वर्षांचा पाऊस मंडळाच्या नोंदीत मिळतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. पण मामांची विहीर त्यांत नव्हती, आणि मामांनी कधी काही लिहून ठेवलेले नव्हते.

मामी म्हणाल्या, "लिवलं नाही, पण मला याद हाय. आमच्या विहिरीला पायऱ्या हायेत. थोरलीचं लगीन झालं त्या कोजागिरीला पाणी वरून चौथ्या पायरीला होतं. मी घागर बुडवली की पायरी बघतेच. नातू झाला त्या साली सातव्या पायरीला. लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, त्याच्या आदल्या दिवाळीला तर तळ दिसत व्हता."

लातूरला रेल्वेने पाणी गेले ते २०१६ च्या एप्रिलमध्ये. म्हणजे मामी सांगत होत्या ते २०१५ चे. थोरलीच्या लग्नाचे साल पत्रिकेवर होते. नातवाचे साल जन्माच्या दाखल्यावर. त्या संध्याकाळी मामींच्या आठवणीतून नऊ वर्षे निघाली. एका वर्षावरून मामा-मामींचे भांडण झाले, म्हणून ते आम्ही वगळले. मामांनी आठ साले वहीत एकाखाली एक लिहिली, प्रत्येकीपुढे पायरीचा आकडा लिहिला आणि पावसाची जागा कोरी ठेवली. उद्या सकाळी पट्टीने पायरीची उंची मोजायची आणि मग वही घेऊन मंडळाच्या कचेरीत जायचे, असे ठरले.